पूर्णवेळ संरक्षण अधिकारी द्या : महिला व बालविकास मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री,
महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ अन्वये प्रत्येक तालुक्याला पूर्णवेळ संरक्षण अधिकारी मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

येत्या २६ ऑक्टोबरला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा देशात लागू होऊन २० वर्षं पूर्ण होतील. या कायद्याने ज्या अधिकाऱ्याच्या खांद्यावर सगळा भार ठेवला, तो अधिकारी माझ्या तालुक्यात आजही पूर्णवेळ नाही. कार्यालयाच्या दारावर 'संरक्षण अधिकारी (अतिरिक्त कार्यभार)' असा कागद चिकटवलेला आहे आणि त्याखाली आठवड्यातले दोन वार लिहिलेले आहेत. मार खाल्लेल्या बाईने त्या दोन वारांचीच वाट पाहायची, असा त्याचा अर्थ होतो.

सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी सगळ्या राज्यांना आदेश दिला की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास विभागातले अधिकारी संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, आणि हे काम सहा आठवड्यांत करा. त्याला वर्ष उलटून गेलं. आदेशाचं पालन म्हणून एखाद्या अधिकाऱ्याच्या नावापुढे आणखी एक पद लिहिता येतं. माझ्या तालुक्यात तेवढंच झालं आहे, आणि ते मला मान्य नाही.

याआधी मी जिल्ह्याला आणि विभागाला अर्ज केले. आवक क्रमांकाचा शिक्का मिळाला, उत्तर मिळालं नाही. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. ज्या बायकांसाठी हा कायदा आहे त्यांनी ते वाचावं, त्यांच्या भावांनी आणि वडिलांनीही वाचावं. खुल्या पत्रांनी काही होत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांना मी विदर्भातल्या देसाईगंजची आठवण करून देते. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच बलात्कार केला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला, आणि त्याच वर्षी नवऱ्याच्या व सासरच्यांच्या क्रूरतेला गुन्हा ठरवणारं ४९८-अ कलमही आलं.

मी मराठवाड्यातल्या एका तालुका न्यायालयात वकिली करते. तालुका ऊसतोडीला जाणाऱ्यांचा. विधी सेवा समितीच्या यादीवर माझं नाव असल्याने ज्या बायकांकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत, त्यांची प्रकरणं माझ्याकडे येतात. पण माझं या विषयाशी नातं वकिलीच्या आधीचं आहे. वडिलांनी आईला टाकलं तेव्हा मी तिच्या कडेवर होते. मामाच्या ओसरीवर मी लहानाची मोठी झाले. आईने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ कलमाखाली पोटगी मागितली. त्या काळी पोटगीला ५०० रुपयांची कमाल मर्यादा कायद्यातच लिहिलेली होती, देशभरात ती २००१ मध्ये उठली. आईला महिना १५० रुपये मंजूर झाले, ते वडिलांनी कधी भरले, बहुतेक वेळा भरले नाहीत. पण तिला पैशापेक्षा दुसरीच गोष्ट खुपायची. ज्या घराच्या भिंती तिने स्वतःच्या हाताने लिंपल्या, त्या घरात पाऊल टाकायचा हक्क ती कुठल्या कागदावर मागणार, असं तिला कुणी सांगत नव्हतं. 'नवऱ्याने नांदवलं तर घर, नाहीतर भावाची ओसरी' एवढंच तिला सांगितलं गेलं.

२००५ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाने तो हक्क दिला. घर नवऱ्याच्या नावावर असो, नसो, ज्या सामाईक घरात ती नांदली तिथे राहण्याचा तिला अधिकार आहे. सासू-सासऱ्यांच्या नावावरच्या घरातही तो अधिकार असू शकतो, हे १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीश चंदर आहुजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. मी शिकत असताना १७ वं कलम आईला वाचून दाखवलं होतं. "म्हणजे आता कुणाला असं रातोरात काढता येणार नाही?" असं तिने विचारलं, आणि मी ठामपणे "नाही" म्हणाले. कायद्यात तसंच लिहिलेलं आहे. तो अमलात आणायची जबाबदारी आपल्या विभागाची आहे, म्हणून हे पत्र आपल्याला आहे.

जे वाचक या कायद्याशी परिचित नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा कायदा नवऱ्याला थेट तुरुंगात टाकणारा नाही. बाईने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. न्यायालय मारहाण थांबवण्याचा आदेश देऊ शकतं, घरात राहू देण्याचा आदेश देऊ शकतं, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा, भरपाई, सगळं एकाच अर्जात. नुसत्या शपथपत्रावर, समोरचा हजर नसतानाही, अंतरिम आदेश देता येतो. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत लागावी आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असं कलम १२ म्हणतं. वर्षानुवर्षं माझ्याकडे येणाऱ्या बायका जे मागतात ते हेच आहे. "ताई, त्याला आत नका टाकू, पोरांचा बाप आहे. निस्तं मारायचं थांबवा." ज्यांनी हा कायदा घडवला त्यांनी हे वाक्य ऐकलेलं होतं, असं मला तो वाचताना दर वेळी वाटतं.

आणि या सगळ्याच्या मध्यभागी संरक्षण अधिकारी आहे. बाईला न्यायालयापर्यंत आणणारा, तिच्यावर काय गुदरलं त्याचा 'कौटुंबिक घटना अहवाल' लिहिणारा, दवाखान्यात नेणारा, निवारा शोधून देणारा, समोरच्याला नोटीस बजावणारा, आदेश पाळला जातो की नाही ते पाहणारा हा एकच माणूस आहे. तो जागेवर नसेल तर पुढचं सगळं कलमाकलमाने अडतं.

माझी पहिली तक्रार म्हणूनच त्या दारावरच्या कागदाबद्दल आहे. अतिरिक्त कार्यभार म्हणजे प्रत्यक्षात काय, ते मंत्रालयातून दिसत नसेल. तांड्यावरची बाई पहाटेची एसटी धरून, एक पोर काखेत आणि एक बोटाला, तालुक्याला पोहोचते. साहेब जिल्ह्याला बैठकीला गेलेले असतात, किंवा व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, चालू असते. शिपाई सांगतो, शुक्रवारी या. शुक्रवारी ती येईल याची खात्री काय? घरातून निघतानाच तिने दवाखान्याचं खोटं कारण सांगितलेलं असतं. आणि अधिकारी भेटले तरी घटना अहवालाचा नमुना भरायला स्वतंत्र खोली नसते. त्या नमुन्यात शारीरिक छळ, लैंगिक छळ, शिवीगाळ, आर्थिक छळ असे रकाने आहेत. नवरा अंथरुणात काय करतो हे त्या बाईने कारकुनांच्या टेबलांसमोर उभं राहून, अर्ज घेऊन ताटकळलेल्या रांगेच्या देखत सांगायचं. ती सांगत नाही. मग तो रकाना कोरा राहतो, आणि पुढे उलटतपासणीत समोरचा वकील विचारतो की तेव्हा का नाही सांगितलं.

त्या कोऱ्या रकान्याचं मोल मोठं आहे. भारतीय न्याय संहितेच्या ६३ व्या कलमात आजही अपवाद आहे, १८ वर्षांवरच्या पत्नीवर नवऱ्याने केलेली बळजबरी बलात्कार धरली जात नाही. त्या अपवादाविरुद्धचा झगडा दिल्लीत सर्वोच्च न्यायालयापुढे गेलेला आहे. माझ्या तालुक्यातल्या बाईला त्या रात्रींविरुद्ध आज दाद मागायची असेल तर लैंगिक छळाला हिंसा म्हणणारा हा २००५ चाच कायदा तिच्याजवळ आहे, आणि त्याची सुरुवात त्या नमुन्यातून होते.

इथे एक स्पष्ट करते. माझी तक्रार त्या अधिकाऱ्यांविरुद्ध नाही. मी पाहिलेले बहुतेक जण कामाला वाघ आहेत. एका माणसाकडे बालविवाह रोखणं, अंगणवाड्यांची तपासणी, योजनांच्या याद्या आणि वर हे काम दिलं तर तो कुठे कुठे पुरणार? कायद्याच्या ३३ व्या कलमात कर्तव्यात कसूर करणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड आहे. माणूस, गाडी, खोली काहीच न देता त्याच्या डोक्यावर ही टांगती तलवार ठेवणं अन्यायाचं आहे.

दुसरी तक्रार नोटिशीची. ही जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण आमच्या भागात निम्मी प्रकरणं इथेच मरतात.

दसरा-दिवाळीनंतर आमची गावं रिकामी होतात. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते आणि ती नवरा-बायकोच्या जोडीवर असते. जोडीला 'कोयता' म्हणतात. एक कोयता म्हणजे दोन माणसं, आणि उचलीची रक्कम नवऱ्याच्या हातात. बाईने मार खाऊन जोडी मोडली तर उचल फिटत नाही, म्हणून तिला परत आणायला नवऱ्याबरोबर मुकादमही येतो, कधी कधी तिचा सख्खा भाऊही येतो, कारण जामीन तोच राहिलेला असतो. अशातूनही एखादी बाई माहेरी राहते आणि अर्ज करते. तोवर नवरा दुसरी जोडी लावून कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेला असतो. कलम १३ प्रमाणे न्यायालयाने दिलेली नोटीस संरक्षण अधिकाऱ्याने दोन दिवसांत, किंवा न्यायालय देईल त्या वाजवी मुदतीत बजावायची असते. गावातल्या बंद घराच्या कुलपापुढे ती नोटीस पोहोचते आणि 'इसम गावी मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत येते. पुढची तारीख. पुन्हा तोच शेरा. हंगाम संपून गुढीपाडव्याच्या सुमाराला माणसं परततात तेव्हा कायद्याचे ६० दिवस दोनदा उलटून गेलेले असतात आणि बाईने तोपर्यंत माहेरच्या पंचांसमोर 'समजुतीने' सही केलेली असते.

एका ताईचं प्रकरण माझ्याकडे आहे, तिच्या हाताचं हाड फडावरच मोडलं होतं. मोळी बांधायला उशीर झाला म्हणून. कोपीवरून, म्हणजे तोडणीवरच्या झोपडीतून, ती एका ट्रॅक्टरवाल्याच्या ओळखीने निघून आली. नवरा कुठल्या कारखान्याच्या कुठल्या टोळीत आहे, मुकादम कोण, त्याचा फोन नंबर काय, सगळं तिला पाठ होतं. मी ते लिहून दिलं. पण आमच्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी दुसऱ्या जिल्ह्यात जाऊन नोटीस बजावू शकत नव्हता, तिथल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायची तर पत्रव्यवहारात महिने जातात, आणि फोनवर पाठवायची सोय नव्हती. ज्याचा ठावठिकाणा तिला आणि मला माहीत होता, तो माणूस सरकारी कागदावर 'मिळून आला नाही'. तिचं हाड प्लास्टरमध्ये जुळलं, अंतरिम खर्चाचा आदेश त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी आला.

अशा तारखांचा ढीग देशभर आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवलेल्या आकड्यांनुसार १ जुलै २०२२ रोजी या कायद्याखालची ४ लाख ७१ हजारांहून अधिक प्रकरणं प्रलंबित होती. ६० दिवसांत निकाली निघावं असं ज्याच्या प्रत्येक अर्जाबद्दल लिहिलेलं आहे, त्या कायद्याची ही अवस्था आहे.

तिसरी तक्रार आपल्या एकट्या विभागाची नाही, गृह विभागाचीही आहे, पण दोन्ही विभाग एकाच मंत्रिमंडळात बसतात. कलम ५ म्हणतं की बाई पोलिसांकडे गेली तर त्यांनी तिला या कायद्याखालचे हक्क, संरक्षण अधिकारी, मोफत वकील आणि फौजदारी तक्रारीचा मार्ग, सगळं सांगायचं. प्रत्यक्षात तिला एन.सी.चा (अदखलपात्र नोंदीचा) कागद मिळतो आणि 'घरातला मामला आहे, मिटवून घ्या' असा सल्ला. त्याहून वाईट म्हणजे आदेश हातात असताना होणारी परवड. न्यायालयाच्या संरक्षण आदेशाचा भंग हा कलम ३१ आणि ३२ प्रमाणे दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. माझ्या एका पक्षकार बाईने आदेशाची नक्कल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठाणं गाठलं, नवऱ्याने कुलूप बदललं होतं आणि तिला अंगणातून ढकललं होतं. ठाणे अंमलदाराने नक्कल उलटसुलट पाहिली आणि सांगितलं, "कोर्टाचं आहे ना, मग कोर्टात जा." संरक्षण अधिकारी तिच्यासोबत असता तर हे वाक्य ऐकायला मिळालं नसतं, हे मी अनुभवाने सांगते. जिथे तो सोबत जातो तिथे गुन्हा दाखल होतो.

पोटगीबद्दल थोडक्यात. अर्जाच्या तारखेपासून पोटगी द्यावी, दोघांनी उत्पन्नाचं शपथपत्र द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी रजनीश विरुद्ध नेहा या, मूळ नागपूरच्या, प्रकरणात ठरवून दिलं. शपथपत्रात आमच्याकडचा प्रत्येक नवरा भूमिहीन आणि बेरोजगार असतो. मुकादमाची उचल कुठल्याच शपथपत्रात दिसत नाही.

निवाऱ्याचंही तेच. २०१५ पासून 'सखी' वन स्टॉप सेंटर सुरू झाली हे चांगलं झालं. पण माझ्या तालुक्यातल्या बाईसाठी ते जिल्ह्याच्या गावी आहे, तिथला मुक्काम मोजक्या दिवसांचा आहे, आणि मुलगा थोडा मोठा असेल तर वयाची अट आडवी येते. तेरा-चौदा वर्षांचा पोरगा बापाकडे सोडून कुठली आई निवाऱ्याला जाईल? ती तशीच मारकुट्या घरात थांबते, आणि मग आपणच म्हणतो की बायका मदत घ्यायला पुढे येत नाहीत.

मदत न मागण्याचं प्रमाण किती आहे ते आपल्याच सरकारांच्या पाहणीत आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं, म्हणजे दर चौघींत एक. देशभरात हिंसा सोसलेल्या ७७ टक्के स्त्रियांनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं, मदत मागितली ती फक्त १४ टक्क्यांनी. आणि जे गुन्हे नोंदवले जातात त्यांतही पहिला क्रमांक घराचाच. २०२२ मध्ये देशात स्त्रियांविरुद्धचे ४ लाख ४५ हजारांहून अधिक गुन्हे नोंदले गेले, त्यांत ३१.४ टक्के नवऱ्याच्या किंवा सासरच्यांच्या क्रूरतेचे होते.

हे आकडे समोर असताना आपला देश बाईवरच्या हिंसेला उत्तर काय देतो? शिक्षा वाढवून. डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळाने 'शक्ती' विधेयक एकमताने मंजूर केलं. फाशीची तरतूद असलेल्या त्या विधेयकावर किती भाषणं झाली, किती पानं छापून आली. ते राष्ट्रपतींच्या मंजुरीला गेलं आणि कायदा झालंच नाही. माझं म्हणणं असं आहे की त्याच काळात, त्याच सभागृहात, राज्यातल्या किती तालुक्यांत पूर्णवेळ संरक्षण अधिकारी आहेत यावर एक पूर्ण दिवस चर्चा झाली असती तर कित्येक बायकांचा जीव वाचला असता. बाई मेल्यानंतर कोणाला किती शिक्षा द्यायची याचा विचार आपण फार करतो. पहिली चपराक बसते त्या आठवड्यात तिच्या दारात सरकारचं कोण जाणार, हा विचार कमी पडतो. मे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या एका सुखवस्तू घरातली सून हुंड्याच्या छळापायी जिवानिशी गेली तेव्हा राज्य हादरलं. त्याच घरातल्या थोरल्या सुनेने आधीच तक्रार केली होती, हे नंतर वर्तमानपत्रांतून आलं. त्या पहिल्या तक्रारीचं पुढे काय होतं, हाच माझ्या या सगळ्या पत्राचा प्रश्न आहे.

विभागाकडे माणसं नाहीत, पोहोच नाही, असं मला सांगू नये. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना सुरू झाली. आमच्या अंगणवाडी सेविकांनी रात्रीचे दिवस करून फॉर्म भरले आणि काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक बायकांच्या खात्यात दरमहा १,५०० रुपये जाऊ लागले. मला त्या योजनेचा आनंद आहे. आमच्याकडे त्या पैशांतून बायकांनी औषधं आणली, पोरींच्या फी भरल्या, काहींनी तर माझ्याकडे यायला एसटीचं तिकीट काढलं. जो विभाग दोन कोटी घरांत पोहोचू शकतो, त्याला त्याच घरांत संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर पोहोचवता येत नाही असं कसं मानायचं?

त्याच योजनेच्या ई-केवायसीमध्ये मात्र नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. विधवा आणि घटस्फोटित बहिणींसाठी पुढे वाट काढली गेली. पण जिला घटस्फोट झालेला नाही, नुसतं टाकलेलं आहे, तिने कोणता दाखला आणायचा? योजनेच्या पात्रतेत 'परित्यक्ता' हा शब्द आहे. माझ्या आईसारख्या त्या बायका आहेत. ज्याने मारून घराबाहेर काढलं त्याच्याच फोनवर आलेला ओटीपी मागायला तिने जायचं, ही वेळ सरकारने तिच्यावर आणायला नको होती.

कायद्याचा दुरुपयोग होतो, हे मला ऐकवलं जाईल याची कल्पना आहे. खोट्या तक्रारी असतात, मीही एखाद-दुसरी पाहिली आहे. पण या कायद्यात तक्रार आली की अटक होत नाही, न्यायालय दोघांना ऐकतं. आणि खरं-खोटं लवकर कळावं असं ज्याला वाटतं, त्याने तर पूर्णवेळ संरक्षण अधिकाऱ्याची मागणी माझ्याहून मोठ्या आवाजात करायला हवी. घरी जाऊन, शेजारी विचारून लिहिलेला अहवाल निर्दोष नवऱ्यालाही उपयोगी पडतो.

काय केलं की काम होतं, हेही महाराष्ट्राला ठाऊक आहे. पोलीस ठाण्यातच समाजकार्यकर्त्या बसवायच्या हा प्रयोग टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईत १९८४ मध्ये सुरू केला, आज तो 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' म्हणून राज्यभर चालतो. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू झालं. बाई पडले, भाजले असं सांगत येते तेव्हा जखम पाहूनच तिला विश्वासात घेणारं माणूस तिथे दवाखान्यातच असतं. १९९४ मध्ये देशातलं पहिलं महिला धोरण आपण आणलं. २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांच्या बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा शासनाने परिपत्रक काढून तो सगळ्या राज्यापुढे ठेवला. म्हणजे गावाने मनावर घेतलं आणि शासन पाठीशी राहिलं तर घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणता येते, लाज न बाळगता.

तर माझ्या मागण्या अशा.

प्रत्येक तालुक्याला एक पूर्णवेळ संरक्षण अधिकारी द्या, शक्यतो महिला, जसं कलम ८ सांगतं. तिच्याकडे दुसरं कोणतंही काम देऊ नका. पद नियमित असावं, कंत्राटावरचं नको, कारण अकरा महिन्यांच्या नेमणुकीत कुणी गावातल्या पुढाऱ्याच्या घरी नोटीस बजावायला धजत नाही. नोटीस बजावायला एक मदतनीस, प्रवासाचा खर्च, आणि दार लावून बोलता येईल अशी एक खोली, एवढं तिला द्या.

तिचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक ग्रामपंचायत, अंगणवाडी, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि एसटी स्थानकात रंगवून घ्या, आणि येत्या ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा.

ऊसतोडीच्या जिल्ह्यांसाठी वेगळी व्यवस्था करा. नवरा ज्या तालुक्यात तोडीला गेला आहे, तिथल्या संरक्षण अधिकाऱ्याकडे नोटीस त्याच दिवशी पाठवता यायला हवी. फोनवरून नोटीस बजावण्याबाबत उच्च न्यायालयाशी बोलून नियम करा. साखर कारखान्यांना त्यांच्या टोळ्यांची आणि मुकादमांची यादी संरक्षण अधिकाऱ्यांना देणं बंधनकारक करा. बाई जोडीतून बाहेर पडली तर उचलीच्या वसुलीसाठी तिच्या किंवा तिच्या माहेरच्या मागे लागता येणार नाही, हे शासनाने लेखी जाहीर करावं.

गृह विभागाकडून प्रत्येक ठाण्याला सूचना जाऊ द्या की कलम ५ ची माहिती बाईला छापील चिठ्ठीवर द्यायची, आणि संरक्षण आदेशाच्या भंगाची तक्रार आली की कलम ३१ खाली गुन्हा नोंदवायचा.

उपविभागाच्या ठिकाणी निवारा हवा, आणि मुलग्याच्या वयाची अट आईसोबत असेल तेव्हा शिथिल व्हावी. लाडकी बहीण योजनेत टाकलेल्या बायकांसाठी संरक्षण अधिकाऱ्याचा दाखला पुरेसा धरावा, नवऱ्याचा आधार मागू नये.

आणि दर तीन महिन्यांनी तालुकावार आकडे जाहीर करा. किती घटना अहवाल लिहिले गेले, किती नोटिसा बजावल्या, किती परत आल्या, किती अर्ज ६० दिवसांत निघाले, किती पदं रिकामी आहेत. हे आकडे विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात पटलावर ठेवले जावेत.

यातली पहिली आणि तिसरी मागणी दसऱ्याच्या आत मार्गी लागली पाहिजे. त्यानंतर टोळ्या निघतील आणि आमच्या नोटिसा पुन्हा परत यायला लागतील. आपलं लेखी उत्तर तोपर्यंत यावं. आलं तर मी ते याच पत्राखाली जसंच्या तसं प्रसिद्ध करीन. न आल्यास आमच्या तालुक्यातल्या, आदेश हातात असूनही घराबाहेर असलेल्या बायका आपापल्या आदेशाच्या नकला घेऊन हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपूरला आपल्या भेटीची वेळ मागतील. ती वेळ आपण द्यावी, ही विनंती.

कळावे,

आपली,
मराठवाड्यातल्या एका तालुका न्यायालयातील वकील

प्रत माहितीसाठी :
मा. मंत्री, गृह विभाग, महाराष्ट्र राज्य
मा. अध्यक्ष, महाराष्ट्र राज्य महिला आयोग
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरण